हिरवी वायर

मिस आयोनीने गळ्यातली किल्ली काढली तेव्हा नॉव्हलेट स्वयंपाकघराच्या दारात लेकीला पाजत उभी होती. किल्ली सुतळीत ओवलेली होती. पंधरा महिने म्हातारीच्या झग्याखाली राहून ती सुतळी घामाने काळी आणि कडक झाली होती.

"खोली उघडा," मिस आयोनी म्हणाली. कुणाला, ते बोलली नाही. किल्ली तिने पायरीवर ठेवली आणि बकऱ्याच्या रश्श्यात मीठ पुरेसं आहे का ते बघायला निघून गेली. धाकट्या मुलाच्या हातात ती हल्ली काही देत नसे. ताट टेबलाच्या कडेला, धुतलेला सदरा कठड्यावर, आणि आज किल्ली पायरीवर. रॅन्सफर्डने वाकून ती उचलली.

शनोयाने एकदम दूध ओढायचं थांबवलं आणि आईच्या तोंडाकडे बघत राहिली. आठ महिन्यांची पोर, पण आईच्या छातीतली धडधड तिला आधी कळायची. नॉव्हलेटने तिचं डोकं परत जवळ घेतलं. "पी गं बाय. तुला काय त्याचं."

पत्र्याच्या खोलीत 'बाल्डपेट' हा लाउडस्पीकरचा सेट होता. चार मोठे बॉक्स, दोन लहान, अँप्लिफायर, मिक्सर आणि माइक. बाल्डपेट म्हणजे डोक्यावर पांढरी टोपी घातल्यासारखं दिसणारं रानकबुतर. मिस आयोनीचा थोरला, नॉव्हलेटचा नवरा लॅसेल्स याला तिशीच्या आतच टक्कल पडलं होतं, त्यामुळे त्याने सेटला हे नाव दिल्यापासून अख्खं स्प्रिंग बँक गाव त्याला विचारायचं की नाव पक्ष्याचं आहे की मालकाचं. तो म्हणायचा, "घुमतात दोघंही. कान असला की झालं."

आज त्याची कबर बांधायची होती. पुरल्यावर वर्षभर माती बसू द्यायची, मग एक शनिवार धरून सिमेंटची कबर बांधायची, गावाने जमायचं, बकरा कापायचा, दिवसभर गाणी म्हणायची. ते होईस्तोवर माणूस अर्धा घरातच असतो. लॅसेल्स पंधरा महिने ब्रेडफ्रूटच्या झाडाखाली, मातीच्या उंचवट्याखाली होता आणि घरातही होता. आज तो खरोखर जाणार होता. त्याच्या कबरीवरची गाणी त्याच्याच सेटवर व्हायची, हे मिस आयोनीने महिन्याभरापूर्वीच सांगून टाकलं होतं. ओळ ती सांगणार, आणि मागून लोक गाणार. माइक तिच्या हातात असणार.

ते ऐकल्यापासून नॉव्हलेटची झोप उडाली होती.

लॅसेल्स गेला तो असाच शनिवार होता. दुकानापुढच्या सिमेंटच्या अंगणात नाच ठेवला होता. धूळ बसावी म्हणून रॅन्सफर्डने दुपारी नळी घेऊन अंगण धुतलं. पाचच्या सुमाराला लॅसेल्स बॉक्स लावून झाला, घामाने चिंब झाला म्हणून त्याने बूट काढले, आणि "ऐकू येतंय का रे मागे?" असं विचारायला माइक उचलला. मागे ऐकू गेलंच नाही. तो माइक छातीशी घट्ट धरूनच पडला, हात सुटेना. कुणीतरी धावत जाऊन मेन स्विच पाडला तेव्हा उशीर झाला होता. पोलिसाने येऊन सगळं बघितलं, प्लगचे तिन्ही पाय मोजले, आणि लिहिलं: ओली जागा.

हॉस्पिटलच्या बाकावर मिस आयोनीने विचारलं, "पाणी कुणी मारलं?"

"मी," रॅन्सफर्ड म्हणाला.

तेवढंच. पुन्हा त्या विषयावर कुणी बोललं नाही, बोलायची गरज पडली नाही. नॉव्हलेट त्याच बाकावर बसली होती, दोन महिन्यांची गरोदर. तिला कुणी काहीच विचारलं नाही.

तिला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं का? पंधरा महिन्यांत हा प्रश्न तिने स्वतःला इतक्यांदा विचारला होता की आता उत्तराची दोन्ही टोकं झिजून सारखी झाली होती.

घडलं होतं ते त्याच्याही तीन आठवडे आधी, चर्चमधल्या सुगीच्या प्रार्थनेला. सेट चालू केला की बॉक्समधून भुंग्यासारखी गुणगुण येत होती. लॅसेल्सने वायरी बदलल्या, मिक्सर सरकवला, गुणगुण तशीच. पहिल्या रांगेतली एक बाई मोठ्याने म्हणाली, "लॅसेल्स, मधमाश्या कधीपासून पाळतोस रे? मध तरी आण." सगळे हसले. साउंडवाल्याच्या सेटमधून गुणगुण येणं म्हणजे नवरदेवाच्या पँटला भोक असणं. लॅसेल्स हसला, पण त्याचे कान लाल झालेले नॉव्हलेटला दिसले. तो दुसरी वायर आणायला घरी गेला.

नॉव्हलेट अँप्लिफायरच्या मागे बसली. दुसऱ्या एका सेटचा माणूस एकदा सांगत होता ते तिला आठवलं: गुणगुण जात नसली तर प्लग उघड, आतली हिरवी वायर सोड. तिने स्क्रू काढले, हिरव्या वायरीचं टोक सोडवलं, मागे दुमडलं, काळी चिकटपट्टी गुंडाळली, प्लग होता तसा बंद केला. गुणगुण चाकूने कापल्यासारखी थांबली.

लॅसेल्स धापा टाकत परत आला. "काय केलंस?"

"वायरी एकमेकींपासून लांब केल्या."

त्याने सगळ्या चर्चदेखत तिचा हात वर धरला. "बघा! हिचा कान बघा! आता मी नुसते बॉक्स उचलायचे."

घरी गेल्यावर सांगायचं, असं तिने ठरवलं होतं. पण तो इतका खूश होता, वाटेत तिच्या कानाला चार वेळा हात लावून म्हणाला, सोन्याचा आहे, विकू नकोस. मग म्हटलं उद्या सांगू आणि जोडून टाकू. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला पहिली उलटी झाली. मग पुढचे सगळे दिवस बादली, लिंबू आणि 'नाव काय ठेवायचं' यात गेले. ती खरंच विसरली. आणि हे विसरणंच तिला स्वतःला माफ करता येत नव्हतं. कारण हिरवी वायर कशासाठी असते हे तिला माहीत नव्हतं असं नाही. लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच लॅसेल्सने तिला सगळं शिकवलं होतं. म्हणाला होता, वीज म्हणजे दावं सोडून पळालेली शेळी. हिरवी वायर तिला सरळ खाली मातीत घेऊन जाते. ती वाट बंद केलीस तर शेळी बसून राहत नाही, कुणाच्या तरी अंगावरून जाते.

ती त्याच्या अंगावरून गेली होती.

*

रॅन्सफर्ड बॉक्स बाहेर काढत होता. पूर्वी तो बॉक्स डोक्यावर घेऊन नाचत यायचा. आता एकेक बॉक्स पोटाशी धरून, पाय टेकवून बघत, असा आणत होता. मोठे बॉक्स त्याने सपाट जागेवर ठेवले, खाली दगड सारून ते डुगडुगतात का बघितलं, वर लहान बॉक्स चढवून दोरीने झाडाला बांधले. अँप्लिफायरखाली त्याने लाकडी फळी टाकली, तिच्यावर रबराची चटई. पाण्याचे ड्रम त्याने एकट्याने ढकलत कुंपणापर्यंत नेले.

कबर बांधणारा म्हातारा मास विल्बर्ट फावड्यावर हनुवटी टेकून हे सगळं बघत होता. "रॅन्सफर्ड, बाळा, माल कालवायला मला पाणी लागतं. की सिमेंट कोरडंच खायला घालू त्याला?"

"लागेल तेवढं बादलीने न्या, मास विल्बर्ट. वायर आहे तिकडून नका जाऊ."

"वायर तिकडे, बकरा इकडे, तुझी आई मधे. मी काय आता उडत जाऊ?"

"झाडाच्या मागून जा."

"झाडाच्या मागून!" मास विल्बर्ट बाकीच्या पुरुषांकडे वळला. "ऐंशी वर्षांच्या माणसाला झाडामागून पाठवतोय. तरुणपणी गेलो होतो एकदा, बायकोने आठवडाभर जेवायला दिलं नाही." हसत हसत तो बादली घेऊन झाडामागूनच गेला. रॅन्सफर्डला त्या दिवसापासून कुणी फार ताणत नसे.

नॉव्हलेटने शनोयाला कडेवर घेतलं आणि हिंडत हिंडत, पोरीला चिमण्या दाखवत, अँप्लिफायरपाशी आली. झग्याच्या खिशात स्क्रू ड्रायव्हर होता. पहाटेपासून होता. तिने महिनाभर एवढंच ठरवलं होतं: खोली उघडेल तेव्हा दोन मिनिटं मिळतील, प्लग उघडायचा, हिरवी वायर परत जागेवर, तीन स्क्रू, संपलं. कुणाला काही कळणार नाही. मिस आयोनी सुखरूप गाईल. आणि बाकीचं... बाकीचं जसं आहे तसंच राहील. रॅन्सफर्ड पायरीवरून किल्ल्या उचलत राहील. इथपर्यंत आलं की ती विचार सोडून द्यायची.

प्लग फळीवर पडला होता. तिने उकिडवं बसून एका हाताने तो उचलला. शनोयाने लगेच वायरीला मूठ घातली. "सोड गं. नाही, तोंडात नाही. नाही म्हटलं ना सोन्या." एक मूठ सोडवली की दुसरी. पहिला स्क्रू गंजला होता. तिने जोर लावला तशी पोर कडेवरून घसरली, आणि रडली.

"इथे नको आणूस तिला." रॅन्सफर्ड मागे उभा होता. आवाजात राग नव्हता, नुसती भीती होती. "बॉक्ससमोर तर अजिबात नको, कान कोवळे असतात तिचे. दे तो इकडे." त्याने तिच्या हातातून प्लग घेतला, उलटसुलट करून बघितला. "तिन्ही पाय आहेत जागेवर. मी मघाशी अँप्लिफायरही उघडून बघितला. आतून कोरडा आहे, एक किडा मेलेला होता फक्त." मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "मी सगळं तपासलंय, नॉव्ही. दहादा तपासलंय. तू काळजी करू नकोस."

तिच्या तोंडात शब्द आले होते. रॅन्सफर्ड, थांब. एवढेच दोन. पण तो खाली वाकून सगळे प्लग एकाच बोर्डात लावत होता, आणि त्याच्या मानेवरचं हाड तिला दिसलं, किती वर आलं होतं ते. लॅसेल्स असताना हा माणूस जाडा होता. तिने पोरीला छातीशी घेतलं आणि परत स्वयंपाकघराकडे चालायला लागली.

दाराशी पोचून तिने वळून बघितलं. रॅन्सफर्डने आधी मिक्सर चालू केला, सगळ्या कळा खाली आहेत ना ते बघितलं, मग शेवटी अँप्लिफायर. बॉक्स 'ठप्' करून जागे झाले. गुणगुण नव्हती. फळीवर उभं राहून, रबरी बूट घालून, त्याने आधी हाताची मागची बाजू माइकच्या जाळीला लावली. असं लावलं की झटका बसलाच तर हात आपोआप मागे येतो, मूठ आवळत नाही. हेही लॅसेल्सनेच शिकवलेलं. काही झालं नाही. मग त्याने माइक हातात धरला. "एक. एक, दोन." त्याचा आवाज डोंगराला जाऊन परत आला. स्वतःचाच आवाज ऐकून तो दचकला.

नॉव्हलेटने डोळे मिटले. त्याला काहीच लागणार नव्हतं. लाकूड, रबर, बूट. त्याने स्वतःला मातीपासून इतकं सोडवलं होतं की शेळीला जायला वाटच नव्हती. त्याची काळजीच त्याला खोटं सांगत होती.

*

अकरा वाजता माणसं जमली. बायका पांढऱ्या फडक्यांनी डोकी बांधून आल्या, पुरुषांनी आल्या आल्या मातीवर थोडी थोडी रम शिंपडली आणि उरलेली घशात. मास विल्बर्टने चारी बाजूंच्या विटा रचून घेतल्या होत्या, कोपऱ्यात लोखंडी गज ठोकले होते. भोवतालची जमीन मालाच्या पाण्याने काळी, चिखल झालेली.

रॅन्सफर्ड माइकची लांब वायर कबरीपर्यंत घेऊन आला. लोकांच्या पायात येऊ नये म्हणून त्याने ती झाडाच्या मुळांमागून फिरवली आणि जागोजागी पोत्यांनी झाकली. चिखल बघून तो थांबला. "आई, फळी टाकतो. फळीवर उभी राहा."

मिस आयोनी त्याच्याकडे बघत नव्हती. "फळीवर उभं राहायला मी कोंबडी आहे का? माझ्या मुलाच्या कबरीवर मी मातीत उभी राहणार." तिने खाली वाकून, एका बाईच्या खांद्याचा आधार घेऊन, पायातले बूट काढले. मग मोजे. देवाचं गाणं ती कधीच बूट घालून गात नसे. चर्चमध्येही तिचे बूट दाराशी असत. पांढरे, सुरकुतलेले तळवे चिखलात घोट्यापर्यंत गेले.

"माइक," ती म्हणाली आणि हात पुढे केला.

रॅन्सफर्ड तिला माइक देणार, हातात की आणखी कुठे, अशा घोटाळ्यात क्षणभर उभा राहिला. तेवढ्यात नॉव्हलेट विटा ओलांडून आली. पोर तिच्या खांद्यावर हिंदकळत होती.

"मिस आयोनी, धरू नका."

म्हातारीचा हात तसाच राहिला. "काय गं?"

"माइकमध्ये वीज आहे."

"मी आत्ता हात लावून बघितलाय," रॅन्सफर्ड म्हणाला. "तुझ्यासमोर बघितला."

"तू फळीवर होतास. रबरी बुटात."

"नॉव्ही, अर्थिंग आहे त्याला. तिन्ही पाय..."

"पाय आहेत. आत हिरवी वायर जोडलेली नाही." तिला वाटलं होतं आवाज फुटेल, पण तो अगदी साधा निघाला, तांदूळ संपलेत असं सांगावं तसा. "मी सोडवलीय. सुगीच्या प्रार्थनेला गुणगुण येत होती तेव्हा. लॅसेल्सला माहीत नव्हतं. मी परत जोडणार होते. विसरले."

मागच्या बायकांना ऐकू गेलं नव्हतं, त्या एकमेकींना विचारत होत्या, काय म्हणाली, काय म्हणाली.

रॅन्सफर्डने आईसाठी आणलेल्या फळीवर माइक ठेवला. पत्र्याच्या खोलीत जाऊन तो बल्ब घेऊन आला, होल्डरला दोन वायरी असलेला. एक वायर त्याने मास विल्बर्टने ठोकलेल्या गजाला बांधली. दुसरीचं उघडं टोक, रबर धरून, माइकच्या जाळीला टेकवलं.

बल्ब लागला. भर उन्हात, पिवळा, शांत. लग्नघरातला असावा तसा.

"देवा रे," मास विल्बर्ट म्हणाला आणि टोपी काढली.

रॅन्सफर्डने टोक काढलं, परत लावलं, परत काढलं. मग जाऊन आधी अँप्लिफायर बंद केला, मग मिक्सर, मग बोर्डातून प्लग उपसला. नॉव्हलेटने खिशातला स्क्रू ड्रायव्हर पुढे केला. तो खिशात का होता हे त्याच्या लक्षात आलं, तसं त्याने तिच्याकडे बघितलं. त्या अख्ख्या दिवसात एकदाच. प्लग उघडला. हिरवी वायर आत दुमडून बसली होती, चिकटपट्टी नीट गुंडाळलेली, तिचं टोक परत निघावं म्हणून आत मुडपलेलं. घरात असं टोक मुडपणारी एकच बाई होती.

तो बॉक्सवर बसला. "पंधरा महिने," तो म्हणाला. "पंधरा महिने मला ती पाण्याची नळी स्वप्नात दिसतेय, नॉव्ही. नळ बंद करतो, तरी पाणी येतंच राहतं. तू सकाळी चहा द्यायचीस मला. विचारायचीस, झोप लागली का."

ती रोज विचारायची, हे खरं होतं. खऱ्या काळजीनेच विचारायची, हेही.

मिस आयोनी चिखलातच उभी होती. "हॉस्पिटलच्या बाकावर तू माझ्या शेजारी होतीस."

"हो."

"मी ह्याला विचारलं तेव्हा."

"हो, मिस आयोनी."

म्हातारीने कबरीच्या विटांकडे बघितलं. तिचा खालचा ओठ आत ओढला जात होता, दात नसलेल्या बाजूला. मग ती वळली, लोकांकडे तोंड करून. "माणसं आलीत. बकरा शिजलाय. आज माझ्या लॅसेल्सचा दिवस आहे, दुसऱ्या कुणाचा नाही." आणि तिने माइकशिवाय पहिली ओळ सांगितली.

आवाज पूर्वीसारखा राहिला नव्हता. पुढच्यांना ऐकू गेली ती ओळ मागच्यांपर्यंत पोचेस्तोवर पुढचे गाऊन मोकळे झाले होते, आणि मागचे त्यांच्या मागून ओढत राहिले. प्रत्येक कडव्याला असंच. बाल्डपेट मुका उभा, आणि गाणं दोन तुकड्यांत चाललेलं. लॅसेल्सने हे ऐकलं असतं तर कानावर हात ठेवून पळाला असता.

दुपारी मास विल्बर्टने वरची लादी ओतली. घरच्या माणसांनी एकेक थापी माल टाकायचा असतो. मिस आयोनीने पहिला टाकला. मग थापी तिने रॅन्सफर्डपुढे धरली. स्वतःच्या हाताने, हात लांब करून.

रॅन्सफर्डने हात पुढे केला नाही. "खाली ठेव, आई," तो हळू म्हणाला. "मी उचलतो."

तिने थापी विटेवर ठेवली. त्याने उचलली, माल टाकला, नीट सारखा केला, आणि पुन्हा विटेवर ठेवली.

मग मिस आयोनी नॉव्हलेटजवळ आली आणि तिने हात पसरले. नॉव्हलेटने पोर दिली. म्हातारीने शनोयाच्या मुठीत थापीचा दांडा दिला, वरून आपली मूठ धरली, आणि दोघींनी मिळून थोडासा माल बापाच्या कबरीवर पाडला. शनोया खुदकन हसली. बायकांतल्या कुणीतरी हुंदका दिला. मग मिस आयोनीने थापी धुवून मास विल्बर्टच्या हातात दिली. "झालं," ती म्हणाली.

मास विल्बर्टने नॉव्हलेटकडे बघितलं, थापीकडे बघितलं, आणि कडा घासायला लागला.

जेवणं सुरू झाली तशी पोर भुकेने किरकिरायला लागली. मिस आयोनी तिला खांद्यावर थोपटत फिरली, साखरेचं बोट चाटवलं, तिच्याशी बोलली, पण पोरीला दूध हवं होतं आणि ते एकाच ठिकाणी होतं. शेवटी ती नॉव्हलेट बसली होती त्या दगडापाशी आली.

"पाज तिला."

नॉव्हलेटने घेतलं. उभ्यानेच म्हातारी बोलली, पोरीच्या पायाकडे बघत, तिचा एक मोजा निसटला होता तो वर ओढत. "सोमवारच्या गाडीने तुझ्या आईकडे जा. दर रविवारी पोरीला चर्चमध्ये आण, मी दाराशी घेईन. मी वाईट बोलणार नाही तुला. पण सकाळी उठून मला तुझं तोंड बघायला नको."

"बरं," नॉव्हलेट म्हणाली.

"तू बोलली नसतीस तर मी आज गेले असते."

"हो."

"ते मला माहीत आहे," मिस आयोनी म्हणाली. मग बूट हातात घेऊन ती आत गेली.

उन्हं उतरली. माणसं डबे घेऊन पांगली. लादी अजून ओली होती. कोंबड्यांनी पाय उमटवू नयेत म्हणून मास विल्बर्टने तिच्यावर झावळ्या टाकल्या होत्या. शनोया खांद्यावर झोपली होती, तोंड उघडं, दुधाचा वास येत होता. घरातले आपले कपडे बांधायला घ्यावेत म्हणून नॉव्हलेट उठली, तर रॅन्सफर्ड अंगणात उभा होता. बॉक्स त्याने एकट्याने आत नेले होते. आता माइकची वायर चिखलातून ओढून काढत होता आणि ती प्रत्येक वेळी मुळांत अडकत होती.

ती तशीच निघून गेली असती. तो म्हणाला, "ओली आहे. पुसून गुंडाळायला हवी. एकट्याने होत नाही."

तिने पोरीला एका हाताने सावरलं आणि दुसऱ्या हाताने वायरीचं टोक उचललं. त्याने फडकं घेतलं. तो पुसत पुसत पुढे येई, ती हातावर वेढे घेई. पाचव्या वेढ्याला वायर मुडपली.

"ओढू नकोस," तो म्हणाला. "तिच्या वळणाने जाऊ दे."

तिने वेढा सोडला आणि परत घेतला. वायर साठ फूट होती, आणि चिखल सगळीकडे लागला होता.